ऑरोर कसं म्हणायचं

दादा, देवगाव फाट्यावर तू माझं मनगट मोडलंस त्याला आता सहा वर्षं झाली. मी पुण्याच्या एसटीत चढले होते. तू वेणीला धरून खाली ओढलंस आणि मेंढरं हाकायच्या काठीने मारत सुटलास. नर्स झालेली बहीण पाँडिचेरीच्या, वर परजातीच्या माणसाशी लग्न करते, एवढाच माझा गुन्हा. लोक चहा पीत बघत राहिले. आई मध्ये पडली, तिलाही दोन बसल्या. तिनेच मला परत गाडीत ढकललं आणि म्हणाली, "जा बाई, मागं बघू नको. जीव ऱ्हायला तर नातं ऱ्हाईल."

नवऱ्याच्या घरचे पाँडिचेरीचे फ्रेंच नागरिक, म्हणून आता मी फ्रान्समध्ये, लिऑनला असते. इस्पितळात म्हाताऱ्यांना अंघोळी घालते, त्यांचं 'मेर्सी', म्हणजे आभार, ऐकते, ज्वारी मिळाली नाही की मक्याच्या पिठाच्या भाकरी थापते. थंडीत मनगट ठणकतं, तेव्हा तुला शिव्या देते. त्या मात्र अजून आपल्या बोरी गावच्याच.

दोन वर्षांपूर्वी मुलगी झाली. नवऱ्याने तिला त्याच्या आजीचं नाव ठेवलं, ऑरोर. म्हणजे पहाट. लिहायला सोपं, म्हणायला महाकठीण. त्यातला र जिभेने म्हणायचाच नसतो, घशात खोल घासून काढायचा असतो. सासू दर वेळी सुधारते, मी दर वेळी चुकते. स्वतःच्या लेकीला हाक मारायची चोरी झाली.

नवऱ्याला बहीण नाही, म्हणून बारशाला कानात नाव सांगायचा मान मी आईला दिला. ती जिंतूर रस्त्याच्या माळावर मेंढरांमागे होती. शेजारच्या खालाने तिच्याजवळ बसून आपला फोन लावून दिला होता. इकडे मी फोन पाळण्यात धरला. आईने नाव एकदा ऐकलं आणि म्हणून दाखवलं, अगदी सासूसारखं. सासू खुर्चीतून उठलीच. मेंढरं वळवताना आई जन्मभर घशातून तोच घरघरता आवाज काढत आली आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"लय सोपं हाय की," आई हसत म्हणाली. "तुला कसं येईना?"

तेवढ्यात तू आलास. "कुनाशी बोलायलीस?" एवढं विचारलंस आणि काठी तिच्या तोंडावर घातलीस. फोन धुळीत पडला. आम्हाला नुसतं आभाळ दिसत होतं आणि काठीचे आवाज ऐकू येत होते. खाला ओरडत होती. "मार," आई तुला म्हणाली, "पन आदी नाव सांगून होऊ दे."

मग ती फोनवर वाकली. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त गळत होतं. तिने कुर्र केलं आणि तीन वेळा नाव सांगितलं, एकदाही न अडखळता. तू तिच्यामागे काठी घेऊन उभा होतास. त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझा गळा धरला असता, हे लपवत नाही.

आईला इकडे बोलावते, तर म्हणते, "मेंढरं कुनाच्या जिवावर टाकू?" गावाबाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांना वाटतं, घर सुटलं. खोटं आहे. आई आहे तिथं माझं घर आहे, आणि त्यात शिरायला मला तुझी परवानगी लागत नाही. पुढच्या महिन्यात येतेय, मुलीला घेऊन. ती तुला मामा म्हणेल. तुला तिला हाक मारायची असेल, तर नाव आधी आईकडून शिकून घे.