मिनिटं जास्त, वजन कमी

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस म्हणजे मी. हे पद मला कुणी दिलं नाही, पण दुसरा उमेदवारच नसल्यामुळे कुणी काढूनही घेतलं नाही. मी कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या ऑफिसात हिशेब बघतो आणि तिथे फाईल सापडेनाशी झाली की लोक माझ्याकडे येतात. माझी विद्या एवढीच: फाईल मॅनेजर उघडायचा, चित्रांची जत्रा बंद करून 'डिटेल्स' लावायचं, आणि वरच्या पट्टीवर माऊसचं उजवं बटण दाबून हवे ते रकाने वाढवायचे. व्हिडिओ असला तर तो किती मिनिटांचा, फाईल किती वजनाची, चित्र किती रुंद, सेकंदाला फ्रेम किती, सगळं एका ओळीत. मग एखाद्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहतात. हे बघून ऑफिसातल्या एकानं एकदा 'साहेब, लय भारी' म्हटलं होतं. तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाही.

व्हिडिओ उघडून बघणं मला जरा कमीपणाचं वाटतं. ते कुणीही करेल. मुलीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आला तरी मी आधी त्याचा फ्रेम रेट बघतो. बायको म्हणते, "तुमच्यापुढं ताट ठेवलं तर तुम्ही जेवणार नाही, वजन करत बसाल." ती माहेरची जयसिंगपूरची, व्यापाऱ्याच्या घरातली. वजनाचं तिला कळतं, हे मान्य करावं लागतं.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अगदी उलटा. आम्ही एकाच घरात राहतो, तो खाली, मी वरती. घराच्या मागे त्याचा गोठा. चार म्हशी, आणि त्यातली थोरली ही त्याची जवळजवळ बहीण. आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून रस्त्यावर आणतात. सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटरसायकल पुढे फटफटत जाते आणि म्हैस दोरीशिवाय, मालकाच्या मागे, शेपूट वर करून पळते. दादाची थोरली या कामात पटाईत. त्यानं हाळी दिली की ती गर्दीतून, फटाक्यांतून, हलगीच्या आवाजातून नेमकी त्याच्याकडे यायची. दादाचा आवाजही तसा होता. तो गोठ्यात बोलला की वरच्या मजल्यावर माझ्या चहाला तरंग यायचे.

तो आवाज गेला. गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, ही मोठी गोष्ट. पण श्वास आता गळ्याला ठेवलेल्या भोकातून चालतो. बोलणं नाही, हाळी नाही, शीळसुद्धा नाही, कारण तोंडातून वारा येतच नाही. घरी आला त्या दिवशी तो आधी गोठ्यात गेला. थोरलीनं त्याला हुंगलं, मान त्याच्या खांद्यावर घासली आणि मग त्याच्याकडे बघत उभी राहिली. ती कशाची वाट बघतेय हे आम्हा सगळ्यांना कळलं. दादा धार काढायला बसला. तिनं पान्हा सोडला नाही.

तो दवाखान्यात होता तेव्हा वहिनी कशीबशी धार काढायची, अर्धीमुर्धी मिळायची. आम्हाला वाटलं होतं, दादा आला की सगळं सुरळीत होईल. उलट तो आल्यावर ती जास्तच दूध चोरायला लागली. सुई टोचून पान्हा सोडवणं दादाला जन्मात मान्य नव्हतं, आणि दूध असं आत राहिलं तर जनावर आटतं, कास सुजते. शेवटी वहिनीनंच कुरुंदवाडकडच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. दुसऱ्याच्या दावणीला गेली तर विसरेल तरी, म्हणाली. तो रविवारी बघायला येणार होता. दादानं ते ऐकलं, मान हलवली आणि जेवण अर्धं टाकून उठला. मला तेव्हा फार वाईट वाटलं. माणसाचा आवाज गेला आणि त्या आवाजाला ओ देणारी एकुलती एक श्रोतीही चालली होती.

इथे माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. दादाचा मोबाईल भरला म्हणून मागे मी त्यातलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. त्यात व्हिडिओंचा ढीग होता. एखाद्यात तरी दादाची हाळी असणार. ती म्हशीला ऐकवायची, बस्स. मी वहिनीला म्हटलं, "काळजी करू नका, मी बघतो." उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

आता कुणी म्हणेल, मग सगळे व्हिडिओ लावून ऐकायचे की. पण दादा घरातच होता. त्याच्या कानावर त्याचाच गेलेला आवाज पडायला नको होता. म्हणून मी आवाज पूर्ण बंद ठेवून काम करायचं ठरवलं. हे कारण खरं आहे. पण दादा घरात नसता तरी मी रकानेच बघितले असते, हेही तितकंच खरं आहे.

फाईलींची नावं म्हणजे नुसते लांबलचक आकडे. तारखेनं लावाव्यात म्हटलं तर सगळ्यांची जन्मतारीख एकच निघाली, मी कॉपी केल्याची. मग मी मिनिटांनी लावल्या, वजनानं लावल्या, रुंदीनं लावल्या. पाच-सहा सेकंदांच्या फाईली बाजूला काढल्या, एवढ्यात दादाचा खोकलासुद्धा संपत नसे. 'भंगार' नावाचं फोल्डर करून त्यात टाकल्या. एक फाईल मात्र विचित्र होती. मिनिटं सगळ्यात जास्त आणि वजन मात्र चिमूटभर. हिशेबनीसाला ताळा न जमणारी गोष्ट बघवत नाही. फाईल खराब आहे, असा निकाल देऊन मी तीही भंगारात टाकली.

उरलेल्यांत एक राजबिंडा व्हिडिओ होता. गेल्या पाडव्याचा. वजन भरपूर, चित्र रुंद, फ्रेम रेट उत्तम. आवाज बंद ठेवूनच जरा पाहिला. दादा मोटरसायकलवर, मागे वळून, तोंड उघडून हाळी देतोय आणि थोरली मागे पळतेय. याहून जास्त काय हवं? मी स्वतःच्या पाठीवर हात फिरवला.

शनिवारी संध्याकाळी, धारेच्या वेळी, मी लॅपटॉप गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यावर ठेवला. गणपतीत लावतो तो वायरलेस स्पीकर हातात घेतला आणि म्हशीच्या कानाजवळ धरला. दादा लांब, पुढच्या दारात खुर्चीवर होता. वहिनी बादली घेऊन बसली. म्हणाली, "भावजी, आवाज जरा बारीक ठेवा हं. पुढं ह्यांच्या कानावर जाईल." मी म्हटलं, "वहिनी, जनावराला स्पष्ट ऐकू यायला पाहिजे." आणि आवाज शेवटपर्यंत नेला.

पुंगळी काढलेली मोटरसायकल जेव्हा चालू असते तेव्हा तिच्यावर बसलेल्या माणसाचा आवाज व्हिडिओत येत नाही. हे कुठल्याही रकान्यात लिहिलेलं नसतं. स्पीकरमधून जे बाहेर पडलं ते फक्त फट् फट् फट् फट् होतं. थोरलीचे कान उभे राहिले, शेपूट वर गेली. तिच्या दृष्टीनं पाडवा सुरू झाला होता आणि मोटरसायकल माझ्या हातात होती.

दावं तुटल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. वहिनी बादलीसकट बाजूला झाली. मी पळालो. गोठ्यातून बोळात, बोळातून रस्त्यावर, हातात फटफटणारा स्पीकर आणि मागे म्हैस. स्पीकर टाकून द्यावा, निदान बंद करावा, हे मला सुचलं नाही. शेजारची म्हातारी ओरडली, "आरं, पाडव्याला आजून लय दिस हायत की!" चहाच्या गाड्यावरचा एक अनोळखी माणूस कप धरूनच मागं सरकला आणि म्हणाला, "पावणं, तुमी म्हशीला पळवताय का म्हस तुमाला?" मी त्याच्या गाड्याला वळसा घालून पुढे पळालो.

थोडं पुढे गेल्यावर लॅपटॉप लांब पडला आणि स्पीकरचा आवाज आपोआप तुटला. हे होणार हे मला आधी कळायला हवं होतं, शेवटी घरातला जाणकार मीच. आवाज थांबला तशी म्हैसही थांबली. तिनं माझ्याकडे जरा निराशेनंच बघितलं आणि आपली आपण वळून घराकडे निघाली. मी तिच्या मागून चालत आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझ्यामुळे म्हैसही रिकामी हिंडून आली.

दारात दादा खुर्चीवर वाकून बसला होता. खांदे गदगदा हलत होते. मी घाबरून जवळ गेलो तर तो हसत होता. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी. दवाखान्यातून आल्यावर तो पहिल्यांदा हसत होता. माझ्या पायात चप्पल एकच होती, तिच्याकडे बोट दाखवून तो परत हसला.

मी लॅपटॉप पुढच्या खोलीत, सोप्यात, आणून ठेवला. सगळं पुसूनच टाकावं या रागानं आधी 'भंगार' उघडलं. घाईघाईत कुठली तरी बटणं एकदम दाबली गेली आणि माझे लाडके रकाने जाऊन मोठमोठी चित्रं आली. मागे वहिनी उभी होती.

"त्यो काळा चौकोन कसला वो?"

"खराब फाईल हाय, वहिनी. मिनिटं जास्त, वजन कमी. जमत न्हाई."

"लावून बगितलासा का?"

मी बघितलं नव्हतं. आता दादा शेजारी येऊन बसला होता, म्हणून लावायला मी टाळत होतो. त्यानंच हात पुढे केला आणि माझ्या हातावर ठेवून माऊस दाबला.

पडदा काळाच राहिला. नुसती खसखस, कापड घासल्यासारखी. मग बादली ठेवल्याचा आवाज. साखळी. आणि मग दादा. "सरक गं बाई. सरक की जरा. आगं, किती वाट बगाय लावतीस?"

कधीतरी पहाटे, शर्टाच्या खिशात मोबाईल आपला आपण चालू झाला होता. खिशातल्या अंधाराला वजन ते काय असणार? वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी बंद करायला गेलो तर दादानं माझं मनगट धरलं. तो मान वाकवून ऐकत राहिला. मागच्या बाजूला, गोठ्यात, म्हैस हंबरली. दादा उठून आत निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी व्हिडिओ थांबवला. पुढचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही.

रविवारी पहाटे दादानं मला उठवलं आणि मोबाईल पुढे केला. काय हवं ते मला कळलं. मी ती फाईल त्यात घातली, लावली आणि त्यानं मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवला, त्याच जागी. तो धारेला बसला. पूर्वी धारेचं ताजं दूध प्यायला जायचो तसा मी दाराशी गिलास घेऊन उभा. खिशातून खसखस झाली, साखळी वाजली, आणि आवाज आला, "सरक गं बाई." थोरलीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. ती सरकली. जरा वेळ काहीच झालं नाही, आणि मग बादलीत पहिली धार वाजली.

मागून वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, त्या कुरुंदवाडच्या पावण्यास्नी फोन लावा. येऊ नगासा म्हणून सांगा." मी मान हलवली, पण जागचा हललो नाही, कारण खिशातलं बोलणं चालूच होतं. दादा म्हशीला सांगत होता, "सोड, सोड. तुझं बरं हाय, तुला हाफिस न्हाई. आमच्या धाकल्याला जायचं आसतंय. लय हुशार गडी. कॉम्प्युटरातलं समदं कळतंय त्येला."

मला हे पद कुणी दिलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मग खिशातून एकदम ती जुनी हाळी आली, अख्खा गोठा भरून. "ए धाकल्या! उटलास का न्हाई? गलास घिऊन ये!"

"आलो की, दादा," मी मोठ्यानं म्हणालो आणि गिलास घेऊन पुढे झालो.