स्क्रूड्रायव्हर कोण ओढतंय?

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या इलेक्ट्रिशियनला सगळे ठिणगी म्हणत. राग कायम नाकावर. गिऱ्हाईक असो की बायको, फाडकन तोडून बोलायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं त्याचं गॅरेज आतून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो डबा घरी विसरला, म्हणून तिला यावं लागलं.

एका जुन्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, त्यानं नुकताच दुरुस्त करून बसवला होता. "आलीच आहेस तर हा स्क्रूड्रायव्हर घे, आणि टोक अल्टरनेटरच्या पाठीजवळ धर," असं म्हणत त्यानं चावी अर्धीच फिरवली. इंजिन बंदच होतं, कुठे काही हललं नाही. पण तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर आपोआप खेचला गेला आणि टक्कन चिकटला.

"अगं बाई! कोण ओढतंय?"

"कोण कशाला ओढेल? वीज आत गेली की लोखंडाचं चुंबक होतं. हो आता बाजूला."

त्यानं इंजिन सुरू केलं. बॅटरीला लावलेल्या मीटरवरचा आकडा साडेबारा व्होल्टवरून चढत चौदाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. "बघ, आता गाडी स्वतःची बॅटरी स्वतःच भरतेय."

ती मीटरकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रोज हे बघता तुम्ही, आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी पडलं एवढंच सांगता?"

ठिणगीनं इंजिन बंद केलं, चावी पुन्हा अर्धी फिरवली आणि तिच्याशेजारी येऊन वाकला.

"धर परत. मलाही बघू दे."