सतरा हजार नऊशे सत्तेचाळीस

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, चाळीस वर्षं लेथवर स्क्रूचे आटे पाडले. आटा किती अंतराने पडायचा हे गिअरच्या चाकांवर ठरतं, आणि कुठली चाकं लावायची हे आकडा फोडून काढावं लागतं. एक्क्याण्णवचे सात आणि तेरा, असं. त्यामुळे आकडा दिसला की अप्पा तो फोडायचेच. कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं 'भागाकार'. जेवताना ते आमच्या पुढ्यातही आकडे टाकत, आणि फोडल्याशिवाय पानावरून उठायची सोय नव्हती. कशानेच फुटत नाही अशा आकड्याला ते 'हट्टी' म्हणत. स्वतः काय कमी होते!

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात चालत होता. डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या, "आजोबा, दोन आणि दोन किती? बोटं दाखवा बघू." अप्पा भिंतीकडे तोंड फिरवायचे. अकराव्या दिवशी बाई आम्हाला म्हणाल्या, "त्यांना काही समजत असेल असं वाटत नाही. समजत असतं तर व्यायामाच्या वॉर्डात घेतलं असतं. उद्या कुठे हलवायचं ते ठरवा." दादाने एका शुश्रूषागृहात खाट बघून ठेवलीच होती. तो फोन करायला बाहेर गेला.

खाटेच्या पायथ्याशी अप्पांचा रुग्ण क्रमांक लावला होता, १७९४७. सवय कुठे जाते? औषधाच्या पावतीमागे मी भागत बसले. तीनने नाही, सातने नाही, तेराने नाही. रडू येत होतं, तरी भागत राहिले. एकशे सत्तावीसला थांबले. अप्पांच्या पेटीतलं सगळ्यात मोठं चाक एकशे सत्तावीस दात्यांचं. आमच्या घरात त्यापुढे कुणी जातच नसे.

"अप्पा, हा पण हट्टी निघाला. फुटतच नाही."

चादरीखालून डावा हात वर आला. बोट हललं. नाही. मग माझा तळहात ओढून घेऊन त्यांनी त्यावर सावकाश गिरवलं, १३१.

मी भागून पाहिलं. एकशे सदतीस, बाकी शून्य.

धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्यांनी मोबाईलवर गुणाकार केला, दोनदा केला. "अहो, आजोबांना सगळं समजतंय की! शुश्रूषागृह राहू द्या. उद्यापासून व्यायाम सुरू करू."

दादा दारातच रडायला लागला. मीही हसत होते, आणि हसता हसता मला आठवलं. अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसून आम्ही दोघं भांडलो होतो, यांना ठेवायचं कुणी म्हणून. 'माझ्या दोन खोल्यांत मला नाही जमायचं, आणि त्यांना तरी काय कळतंय,' हे मीच म्हणाले होते.

मी वाकून विचारलं, "अप्पा, मी बोलले ते ऐकलंत?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो.