पोराच्या बंदरावरचे दोन दिवस

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६ रोजी काष्टीच्या सहादेवच्या खात्यात तीन लाख अठरा हजार चारशे पन्नास रुपये जमा झाले. रविराजने, त्याच्या एकुलत्या एक मुलाने, आईबापाच्या विमानाच्या तिकिटांसाठी धाडले होते. बँकेचा मेसेज सहादेवने दुकानात येईल त्याला दाखवला. पेंड न घेता नुसता वजनकाटा बघायला थांबलेल्यालाही दाखवला.

सहादेवचं सरकी पेंडेचं दुकान आहे. शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि आठवड्याची निम्मी विक्री त्या एका दिवसात होते. बत्तीस वर्षांत त्याने एकही शनिवार दुकान बंद ठेवलं नव्हतं. सासरा वारला तोसुद्धा शनिवारीच. त्याची बायको चांगुणा सकाळी पुढे गेली आणि हा बाजार उठल्यावर पोहोचला. तो टोमणा ती आजही मारते. अशा माणसाने मार्चमधला एक शनिवार दुकानाला कुलूप लावायचं ठरवलं, ही गावाला बातमीच होती.

रविराज जहाजावर स्वयंपाकी म्हणून सात वर्षांपूर्वी गेला. त्याचं म्हणणं असं, की मार्चात जहाज कॅरिबियन समुद्राकाठच्या एका छोट्या गावात शनिवार-रविवार उभं राहणार आहे. "दोनच दिवस या, आण्णा. समोर बसून बोलायचं हाय." त्या गावाचं नाव सहादेवच्या जिभेवर काही बसेना. तो त्याला 'पोराचं बंदर' म्हणू लागला.

समोर बसून बोलायचं सहादेवलाही होतं. डिसेंबरात त्याने पारनेरकडच्या वैजनाथच्या मुलीशी, राजनंदिनीशी, रविराजचं लग्न ठरवून सुपारी फोडली होती. मुलीने फोटो पाहून होकार दिला आणि चालून आलेली दुसरी दोन स्थळं वैजनाथने परत पाठवली. दोन्हीकडच्या माणसांना फेटे बांधले. त्यांचा खर्च निम्मा-निम्मा ठरला आणि त्या दिवशी सगळे पैसे वैजनाथनेच दिले. रविराजला मात्र कुणी कळवलं नाही. फोनवर पोरं फाटे फोडतात, समोर बसवलं की मान हलवतात, असा सहादेवचा हिशेब. पाहुण्यांपैकी कुणी मोबाईलच्या स्टेटसला फोटो ठेवू नये, अशी तंबीही त्याने दिली होती.

चांगुणाची पिशवी जानेवारीतच भरली. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि नव्या साडीच्या घडीत राजनंदिनीचा फोटो.

"समुद्राकाठी दोन दिस करायचं काय?" सहादेवने विचारलं.

"बसायचं."

"बसायला तीन लाख?"

"पोराचं हायेत. तुमचं न्हाईत. बसा गुमान."

राहायची सोय रविराजने एका खानावळीच्या वरच्या खोलीत केली होती. पण दात बघितल्याशिवाय सहादेवने कधी म्हैस घेतली नव्हती, तर न बघता खोली कशी घेणार? एका शुक्रवारी संध्याकाळी तो शेजारच्या गाळ्यात गेला. तिथे त्याची पुतणी रेश्मा लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. चांगुणाही आली.

रेश्माने खानावळीचं पान उघडलं. निळा रंग दिलेलं दार, पत्र्याखाली बाकडी, मागे समुद्र. सहादेवला जागा पसंत पडली.

"मोरी कुठं हाय, ते बघ," तो म्हणाला.

रेश्मा जेवून गेलेल्या लोकांनी टाकलेले फोटो सरकवत होती. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. अंगाला एप्रन, कडेवर वर्षाचं मूल, शेजारी उंच, कुरळ्या केसांची एक बाई. माणूस हसत होता. तो रविराज होता.

"खाली काय लिवलंय?" सहादेवने विचारलं.

"काका, राहू द्या."

"वाच."

"लिहिलंय, जेवण उत्तम. मालक रविराज आणि त्यांची बायको..." ती थांबली. फोटो चौदा महिन्यांपूर्वीचा होता.

सहादेवने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. फोटो तोच होता. खाली बसावं असं त्याला वाटलं, पण खुर्ची मागेच आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चांगुणा पडद्याजवळ वाकली. मुलाच्या गालावर काजळाची तीट होती, कमरेला काळा करदोटा.

"दुसऱ्या कुणाचं असंल, असं म्हनायला बी जागा ठिवली न्हाई," ती म्हणाली.

तिकडे सकाळ होती. रविराजने लगेच फोन उचलला.

"जहाज कधी सोडलंस?" सहादेवने विचारलं.

रविराज म्हणाला, "दोन वर्षं झाली, आण्णा. तुमी आल्यावर सांगनार हुतो. फोनवर सांगन्यासारखं न्हवतं."

"मला बी तुला तिथंच सांगायचं हुतं."

"काय?"

"तुझी सुपारी फुटलीय. डिसेंबरात."

"कुनाला इचारून?"

"तू कुनाला इचारलं हुतंस?"

पलीकडे मूल रडलं, तेवढं दोघांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाजार भरला आणि सहादेवचं दुकान बंद. मार्चसाठी राखून ठेवलेला शनिवार जानेवारीतच खर्ची पडला. तो एसटीने वैजनाथच्या दारी गेला. पाणी राजनंदिनीनेच आणून दिलं. त्याने पेला तसाच शेजारी ठेवला. तिच्यादेखतच त्याने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. ती रिकामा पेला घेण्यासाठी थांबली होती. पेला भरलेलाच राहिला, तेव्हा ती आत गेली.

"पाव्हनं," वैजनाथ म्हणाला, "लोकांच्या म्हशीचे दात बघता. आपल्या पोराला दोन सबूद इचारता आलं न्हाईत?"

"न्हाई आलं."

"पोरगी काल लग्नपत्रिकेचे नमुने बघत हुती."

वैजनाथच्या बायकोने सुपारीच्या दिवशी सहादेवकडून आलेली साडी घडी न मोडलेली आणून ठेवली. सहादेवने खिशातून फेट्यांचे आपल्या वाट्याचे पैसे काढले आणि साडीशेजारी ठेवले. वैजनाथने ते उचलून त्याच्याच सदऱ्याच्या खिशात परत कोंबले.

"हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आठवन ऱ्हाईल."

घरी चांगुणाने पिशवी सोडली नव्हती. राजनंदिनीचा फोटो तेवढा काढून देव्हाऱ्यामागे ठेवला होता. तिकिटांचे पैसे पोराला परत धाडायचा विषय सहादेवने काढला.

"तुमी दुकान सांभाळा," ती म्हणाली. "मी जानार. दोन दिस बसनार. तिला तीट लावायला कुनी शिकवलं, ते इचारनार."

सहादेवने दुसऱ्या दिवशी रेश्माला दोन्ही तिकिटं काढायला सांगितलं.

फेट्यांचे सहाशे वीस रुपये वैजनाथला अजून द्यायचे आहेत.