प्रश्नांना जागा देणाऱ्या कुमुदताई

वाडीत नवं चित्र आलं की कुमुदताई आधी त्याच्याकडे पाठ करून बसत. चित्र मागच्या भिंतीला टेकवलेलं, ताई स्टुलावर, आणि नजर समोरच्या पोफळींवर. मी शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. चित्राकडे अशी पाठ फिरवलेली बाई मी कधी पाहिली नव्हती. न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "घरात पाऊल टाकलेल्या पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो का आपण? जरा टेकू द्या त्याला, जाधव सर. मग बोलू."

मुंबईच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मांडवा आणि थळ यांच्या मधल्या आमच्या गावी, वडिलांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत राहायला आल्या. गावाला वाटलं, बाई आता तुळशीला पाणी घालत बसतील. ताईंनी वाडी घरासकट एका न्यासाच्या नावे करून टाकली. गोठ्याची जमीन घोटून घेतली, वर काचेची कौलं बसवली आणि तिथे दर वर्षी एका चित्रकाराला किंवा शिल्पकाराला राहायला बोलावू लागल्या. राहणं, जेवण, रंग, माती सगळं न्यासाचं. अट एकच. ती त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी, ताटात भात वाढता वाढता सांगत. "देव काढायचा नाही. देवाबद्दल पडलेला प्रश्न काढायचा."

कुणी उपनिषदं घेऊन आलं, कुणी सूफी आजोबांकडून ऐकलेली एखादी ओळ. एक दाढीवाला गृहस्थ वर्षभर एकाच कागदावर काळं फासत बसला आणि जाताना त्याने तो कागद फाडला. विश्वस्त संतापले. ताई मात्र खूष! "नेति नेति म्हणणं सोपं असतं हो. फाडून टाकताना हात थरथरतो." त्यांनी मला न्यासावर घेतलं ते तेव्हाच. माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाला तो कागद गेल्याचं वाईट वाटलं नव्हतं म्हणून, असं त्या सांगत.

रंजना आली ती थळहून. कोळ्यांची मुलगी, मुंबईला जाऊन कला शिकलेली. किनाऱ्यावर टाकून दिलेली जाळी तिने गोळा केली, ती उसवली, पुन्हा गाठी मारून जोडली आणि गोठ्याच्या आढ्यापासून जमिनीपर्यंत टांगली. लांबून पाहिलं तर कुणीतरी मांडी घालून बसलंय असं वाटे. जवळ गेलं की नुसती भोकं. गाठी सोडल्या तर जाळं म्हणून काय उरतं, आणि माणूस म्हणून काय उरतं, एवढंच तिला विचारायचं होतं. ताई त्या जाळ्यासमोर अख्खी सकाळ बसून राहत.

रंजनाचे वडील एकदा बघायला आले. बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, फाटकी जाली टांगून कंचा देव दिसनार हाय?"

"देव नाही दिसत, नाखवा," ताई म्हणाल्या. "देव नाही, ते दिसतं."

"ते तं आमाला रोज दर्यावर दिसतंय," नाखवा म्हणाले. ताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांना इतकं मोकळं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

न्यास देणग्यांवर चाले, आणि देणगीदार होते शनिवारी बोटीने मांडव्याला उतरून आपापल्या बंगल्यांवर येणारे लोक. ती वाईट माणसं नव्हती, हे मला सांगायलाच हवं. पुढे ताईंच्या आजारपणात त्यांनीच मुंबईहून डॉक्टर आणले. पण त्यांना थकून आल्यावर शांत वाटायला हवं होतं. नवे अध्यक्ष सज्जन, मऊ बोलणारे. एका सभेत त्यांनी सुचवलं की वाडीत आता ध्यानाचे वर्ग घ्यावेत, पाहुण्यांसाठी खोल्या कराव्यात, आणि चित्रंही त्याला साजेशी असावीत. कमळं, बुद्धाचे चेहरे. "ताई, बघून मनाला शांती मिळाली पाहिजे ना?"

"शांती हवी तर झोपेची गोळी घ्या," ताई म्हणाल्या. "हे घर जागं राहणाऱ्यांसाठी आहे."

मीही बोललो. आमच्या घरात बुद्धाची तसबीर वडिलांनी लावली, ती शांत वाटावं म्हणून नव्हे. माणूस म्हणून ताठ उभं राहता यावं म्हणून लावली, असं सांगितलं. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. मग मत घेतलं. विरोधात आम्ही दोघंच होतो.

जाळं उतरवलं त्या दिवशी ताई पडवीत बसून होत्या. पाहुण्यांना मासळीचा वास येतो, असं कारण दिलं होतं. गड्यांनी ते झावळ्यांच्या ढिगावर टाकलं आणि दुपारी ढीग पेटवला. नायलॉन जळताना काळा धूर होतो. ताई उठल्या नाहीत. मी आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, "कुणाच्या घरात?"

त्यानंतर त्या खचल्याच. पुस्तकं उघडीनाशा झाल्या, पाय सुजले, अंथरूण धरलं. न्यासाने त्यांना मागची खोली दिली होती. ध्यानाला आलेले पाहुणे कधी कधी दारातून वाकून नमस्कार करून जात. ताई भिंतीकडे तोंड करत.

रंजना भेटायला आली तेव्हा मी तिथे होतो. उशाशी बसून ती म्हणाली, "ताई, मी आता बंगल्यांच्या भिंती रंगवते. बुद्धाचे चेहरे मागतात. डोळे मिटलेले."

ताईंनी तिचा हात घेतला. म्हणाल्या, "मी तुझं वाटोळं केलं गं. भूक लावली आणि ताट काढून घेतलं. आधीच काही दाखवलं नसतं, तर सुखाने रंगवत बसली असतीस."

"असं नका बोलू, ताई."

"खरं तेच बोलतेय. मला वाटायचं, एकाला जागा दिली की प्रश्न जिवंत राहतो. नाही राहत. जागा राहते."

बाहेर पोफळीची झावळी सळसळून खाली पडली. ताई नंतर थोडेच दिवस जगल्या.

शोकसभा गोठ्यातच झाली. जाळं होतं त्यामागच्या भिंतीवर आता बुद्धाचा मोठा चेहरा होता, सोनेरी, डोळे मिटलेला. न्यासाने रंजनाकडूनच तो करून घेतला होता. ती मागे, दाराशी उभी होती. शेजारच्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "कुणी काढलंय हो? किती सुरेख!" रंजना म्हणाली, "माहीत नाय."

सभा संपल्यावर मी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "जाळी अजून किनाऱ्यावर पडतात ना? पुन्हा कर काहीतरी. जागेचं बघू आपण, शाळेत विचारतो."

ती चालायची थांबली. "जागेचं जमंल, सर. पोटाचंबी जमतंच. पन ताई बसायच्या ना तासन्‌तास, तसं कोन बसनार?"

"मी बसेन," असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात थळची रिक्षा आली. आतल्या बायकांनी टोपल्या सरकवून तिला जागा केली, आणि ती बसून गेली.