दुसऱ्या बोलीची वाट

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिडकोतल्या गिरणीत उभी होते. ज्वारीचं दळण निम्मं झालं होतं आणि पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर रस्त्यावर आले. फोनवर रफिक होता, नसीमआपाचा धाकटा भाऊ. ‘ताई, आपा सकाळी उठलीच नाय,’ तो म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं. खरंच, ‘बरं’ म्हटलं... मग आत गेले, दळण पूर्ण होईपर्यंत थांबले, गरम पिठाचा डबा स्कूटरवर पायांत ठेवून घरी आणला, पीठ चाळलं, आणि मग साडी बदलून पैठण गेटकडे निघाले. पीठ का चाळलं ते मला अजून सांगता येत नाही. तिच्या घरी बायकांच्यात बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘आप कौन?’ मी म्हटलं, चष्म्याची गिऱ्हाईक. त्यात खोटं काही नव्हतं. त्याला आता काही महिने झाले. मला रडू आलेलं नाही. येईल, असं लोक सांगतात. मी काही त्याची वाट बघत बसलेली नाही.

गिऱ्हाईक म्हणूनच मी पहिल्यांदा त्या दुकानात शिरले होते. शाळेत फळ्यावरचं माझंच अक्षर मला दिसेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की पैठण गेटजवळ एक बाई फार चांगला नंबर काढतात. दुकान तिच्या अब्बांचं. नवरा लग्नानंतर लवकरच वारला, तेव्हापासून गल्ल्यावर तीच बसायची. मला खुर्चीत बसवून तिनं समोरची अक्षरं वाचायला सांगितली, पण माझं लक्ष बाजूच्या भिंतीवर. तिथं एक मोठं, काळ्या शाईचं चित्र टांगलेलं. धबधब्यावरून एक माणूस खाली झेपावतोय, तोंडाला काचेचा मुखवटा, पाठीला नळकांडी. आपा म्हणाली, ‘बाई, हिकडं बघा. तिकडं नंबर नाय लिहिलेला.’ मी म्हटलं, ‘हा तर पाणबुड्या.’ तिनं हातातली भिंगं खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. ‘तुमाला कसं ठाऊक?’

कसं ठाऊक म्हणजे! वैजापूरला मार्केट यार्डाच्या मागं आमचं घर, आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीत भाड्यानं कॉमिक्स मिळायची. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. तरी त्यातला हीरो पाणबुड्या किती खोल जातो, त्याची हवा किती वेळ पुरते, यावर आमच्या मारामाऱ्या व्हायच्या. आपानंही ती पुस्तकं अब्बांच्या गल्ल्याखाली बसून वाचलेली. पुढं दुकान हाती आल्यावर एकदा मुंबईहून काचांचं खोकं आलं. काचा फुटू नयेत म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याचे तुकडे घातलेले. एक तुकडा उलटला तर त्यावर पाणबुड्या. छापलेला नाही, हातानं काढलेला. शाईवरून बोट फिरवलं तर रेघ लागत होती. छापखान्यात एकदा अंक छापून झाला की त्या मूळ चित्रांना कुणी विचारत नसे. ती रद्दीत जायची, पॅकिंगला जायची. आपानं तो तुकडा जपून भिंतीवर टांगला, आणि तिथून तिला खूळ लागलं. त्या दिवशी माझा नंबर काढायचा राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

मग मलाही खूळ लागलं. रद्दीवाल्यांकडून, जुन्या छापखानदारांच्या मुलांकडून ती पानं मिळवायची. पुढं मुंबईतले लिलाववाले त्यात उतरले, आणि आम्ही मोबाइलवर बोली लावायला शिकलो. भाव कशाला येतो ते मला आपानं शिकवलं. सगळ्यांत वर मुखपृष्ठ. मग अख्ख्या पानभर हीरो. मग हाणामारी. हीरो पाठमोरा असेल तर भाव खाली, हीरोच नसेल तर आणखी खाली. कोपऱ्यात चित्रकाराची खूण असेल तर वर. पाणबुड्याचा चित्रकार सही करत नसे, इवलीशी मासळी काढायचा. संवाद तेव्हा वेगळ्या कागदावर लिहून माणसाच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यात चिकटवत; डिंक वाळून ती चिठ्ठी गळाली असेल तर भाव निम्मा. ‘पण हे सगळं वरवरचं,’ ती म्हणायची. ‘माणूस कागद घेत नाय, बाई. सातवीतली सुट्टी घेतो. ज्यांनी भाड्यानं वाचलं, त्यांच्या हातात आता पैसा आलाय.’ मी तिला आमच्या वैजापूरच्या कांद्याच्या लिलावाबद्दल सांगायचे. ते तिला फार आवडायचं, पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. ढिगाभोवती व्यापारी उभे, कांदा हातात घेऊन बघणार, पण डोळा कांद्यावर नाही, शेजारच्या व्यापाऱ्यावर. ढिगापाशी एकटाच व्यापारी असला की संपलं, कांदा सोन्याचा असला तरी भाव हलायचा नाही. आपा मान डोलवायची. ‘हौ, तेच की. भाव घेणारा ठरवत नाय. हरणारा ठरवतो. तो जिथं थांबला, त्याच्यापेक्षा एक पायरी वर, तोच भाव.’

म्हणून आमची वाटणी असायची. लिलावाची यादी आली की मी दुकानात जायचे, आपा बाहेरून चहा मागवायची, आणि आम्ही एकेक पान वाटून घ्यायचो. हे तुमचं, हे माझं. मोबाइलच्या पडद्यावर बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. आपणच आपला भाव चढवू नये, एवढाच त्यात हिशेब. शहरात असले खुळे आम्ही दोघीच, त्यामुळं वाटणी सोपी होती. रफिक सिटी चौकातलं त्याचं हार्डवेअरचं दुकान बंद करून यायचा, आम्हाला बघून म्हणायचा, ‘रद्दीवाल्यांची मीटिंग चालू आहे काय?’ चारचौघांतही बहिणीची ओळख ‘आमची रद्दीवाली’ अशीच करून द्यायचा. आपा हसायची. मला मात्र राग यायचा.

एका यादीत ते पान आलं. त्यात हाणामारी नाही, झेप नाही. पाणबुड्या भिजलेला, होडीच्या काठावर बसलाय आणि होडीवरचा म्हातारा स्वयंपाकी त्याच्यापुढं चहाचा पेला धरून उभा आहे. मागं नुसतं पाणी. मी पाचवीत असताना मला गोवर निघाला होता, अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत मी हेच पान बघत पडले होते. हे मी आपाला कधीतरी सांगितलेलं. पण त्या वर्षी घराची गच्ची गळायला लागली, सगळे पैसे तिकडं गेले. ‘राहू द्या आपा, या वेळी नाही जमायचं.’ ती ‘हौ’ म्हणाली आणि पुढच्या पानाकडं वळली.

लिलावाच्या दिवशी मी गंगापूरला भाचीच्या लग्नात होते. पंगत उठत होती. मला वाटलं, नुसतं बघू तरी. बघितलं आणि राहवेना. मांडवामागं जनरेटरच्या शेजारी उभी राहून मी बोली लावली. लगेच कुणीतरी वरची लावली. मी आणखी लावली. तोही हटेना. कुणी मुंबईचा बड्या घरचा माणूस असणार, असं मी धरून चालले, आणि त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. गच्ची विसरले, भाची विसरले. शेवटी आकडा पुन्हा नीट वाचला तेव्हा थांबले. त्या पानाची किंमत इतकी चढली होती की तसल्या बिनमारामारीच्या पानाला ती कधीच कुणी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तणतणत दुकानात गेले. ‘कोण मेला होता कोण जाणे, हटेचना...’ आपानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, ‘बाई, तो मेला मी होते.’ माझ्या निवृत्तीला ते पान मला द्यायचं, असं तिनं मनाशी धरलेलं. मी लग्नात जेवत असेन म्हणून ती निर्धास्त होती. तीही समोरच्या माणसाला शिव्याच देत होती, दख्खनीतून. आम्ही दोघी किती वेळ हसलो... चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. एवढं महाग पान मी घेईना आणि ती स्वतःकडं ठेवीना. म्हणून ते दुकानात टांगलं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर. ‘तुमचंच आहे. हिथं फक्त टांगलंय.’

पान आलं तेव्हा कळलं, म्हाताऱ्याच्या फुग्यातली चिठ्ठी गळून पडलेली. तो बोलतोय, पण फुगा कोराच. लहानपणी वाचलेला तो छापील अंक आम्हाला पुन्हा कधी मिळाला नाही, आणि मला ते वाक्य आठवेना. तेव्हापासून मी दुकानाची पायरी चढले की आपा विचारायची, ‘म्हातारा आज काय म्हणतोय, बाई?’ मी काहीतरी ठोकून द्यायचे. पाणी कमी आलंय म्हणतोय. पेपर तपासून झाले का म्हणतोय. आमची शेवटची भेट झाली त्या संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक होतं, मी घाईत होते आणि मला काही सुचलं नाही. म्हटलं, आज तुम्हीच सांगा. आपानं पानाकडं न बघताच सांगितलं, ‘बस जरा, चहा निवतोय.’ मी बसले नाही. उद्या येते म्हटलं.

आमच्या मूर्खपणाचा तो भाव मात्र पुढं प्रत्येक यादीत छापून यायला लागला. या चित्रकाराच्या शांत पानांनाही विक्रमी मागणी, असं काहीसं. आम्ही ते एकमेकींना वाचून दाखवायचो. सगळा बाजार म्हणजे पैठण गेटची एक चष्मेवाली आणि सिडकोतली एक मास्तरीण, हे त्यांना कुणी सांगावं! आपा गेल्यावर दुकान रिकामं करायचं ठरलं, भाड्याचंच होतं. रफिकनं चित्रांचे फोटो लिलाववाल्यांना पाठवले आणि त्यांनी त्याला तो आकडा कळवला. रफिक बदललाच. ज्याला त्याला सांगत सुटला, माझ्या बहिणीकडं काय होतं ठाऊक आहे का... मला म्हणाला, ‘ताई, तुमाला पायजे ती चित्रं घेऊन जा. पण हे एक नाय. हे बाजारात जाऊ द्या. मी तिला आयुष्यभर रद्दीवाली म्हटलं. आता सगळ्यांसमोर भाव निघू द्या.’ त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते. तो भाव आम्हा दोघींनीच चढवलेला, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या हातात बहिणीसाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं, ते कसं काढून घ्यायचं.

लिलाव दुपारी होता. जेवण करून, भांडी विसळून मी मोबाइल घेऊन बसले. पान आलं. सुरुवातीची बोली अगदी साधी ठेवलेली. मी ती लावली आणि थांबले. सवयीनं थांबले... समोरून यायची वाट बघत. काही आलं नाही. घड्याळाचे आकडे उलटे पळत होते. हीरो झेप घेत नाही, फुगा कोरा, कोण कशाला घेणार. निदान रफिकसाठी भाव चढवावा म्हणून मी पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, सर्वांत वरची बोली तुमचीच आहे. पुन्हा दाबलं. तेच. कुणा ओळखीच्याला दुसऱ्या बाजूनं बोली लावायला सांगता आलं असतं, ते सुचलंही होतं. पण तो भाव खोटा झाला असता. आमचा मात्र खोटा नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. इतके दिवस मी त्याला गंमत समजत होते. दोन माणसांना ते पान जिवापाड हवं होतं आणि दोघी थांबायला तयार नव्हत्या, एवढाच भावाचा अर्थ. त्यातली एक आता नव्हती. वेळ संपली. पान मला सुरुवातीच्या बोलीतच मिळालं.

रफिकचा फोन आला. ‘एवढंच?’ म्हणाला. कुणी घेतलं ते त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही. पण पान कुरिअरनं घरी आलं तेव्हा मी त्यालाच बोलावलं, भिंतीला ड्रिल मारायला. पुड्याचा कागद सोडवताना ते बघून तो जागीच उभा राहिला. मग मी सगळं सांगितलं. वाटणी, गंगापूर, जनरेटर, आपाच्या शिव्या. तो ऐकत होता. लोकांना काय सांगू, असं म्हणेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, ‘म्हणजे तिच्यासमोर तुम्ही होता.’ मी ‘हो’ म्हटलं. ‘मग तो भाव खराच होता की, ताई,’ म्हणाला आणि भिंतीवर पेन्सिलनं खूण करायला वळला.

मी चहा टाकला. कप टेबलावर ठेवले तेव्हा पान टांगून झालं होतं. रफिक ड्रिल पिशवीत घालून निघायच्या बेतात होता. दुकान उघडायचंय म्हणाला. दाराशी जाता जाता त्यानं वळून पानाकडं बघितलं, फ्रेमचा एक कोपरा बोटानं सरळ केला आणि जवळ जाऊन वाकून बघायला लागला. ‘हितं काही लिहिलेलंच नाय की. हा म्हातारा काय म्हणतोय, ताई?’

आमचा खेळ त्याला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. मी एक कप त्याच्या बाजूला सरकवला.

‘बस जरा, चहा निवतोय,’ मी म्हटलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसला.