साडूच्या कमरेचा मोबाईल

मिरजगावच्या स्टँडसमोर रंभाजी साळवेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर मूळची एकच ओळ होती. सत्याण्णव साली त्याने तिच्याखाली स्वतःच्या हाताने दुसरी ओळ रंगवली : ‘लाँग रेंज कॉर्डलेस फोन बसवून मिळेल.’ अक्षरं जरा वाकडी आली, पण त्या ओळीवर त्याचा जीव होता. सकाळी शटर वर केलं की आधी तो रस्त्यावर उतरून ती वाचायचा आणि मगच दुकान झाडायला घ्यायचा.

माणूस हाताचा मोठा गुणी. दहावी नापास झाल्यावर नगरला एका दुकानात तीन वर्षं नुसता झाळकाम करत बसला, आणि गावी आला तो कान लावून रेडिओचं दुखणं सांगायला लागला. पार माहीजळगावपासून लोक बंद पडलेले टीव्ही गोधडीत गुंडाळून त्याच्याकडे आणायचे. पण देवाघरून आलेला म्हणा की घरातून आलेला म्हणा, एक अवगुण त्याच्यात ठासून भरला होता. दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवत नसे. शेजारच्या टेलरने पंखा बसवला तर याला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. तोच पंखा टेलरने दुरुस्तीला आणला की मात्र हा शीळ घालत काम करायचा.

या माणसाला नशिबाने साडू दिला तो संदीप.

रंभाजीची बायको शुभांगी आणि संदीपची बायको दीपा या खर्ड्याच्या भामाबाईंच्या दोन मुली. शुभांगी थोरली, दीपा धाकटी. संदीप नगरला राहायचा आणि प्लॉट खरेदी-विक्रीची दलाली करायचा. गोरा, उंच, बोलायला गोड. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत दोन्ही जावई खर्ड्याला जमले, तेव्हा संदीपच्या कमरेला काळ्या चामड्याच्या पिशवीत मोबाईल होता. भामाबाईंनी तो हातात घेऊन पाहिला, पदराने पुसला आणि परत दिला.

‘‘वायर न्हाई, काई न्हाई, अन् बोलतंय,’’ त्या कौतुकाने म्हणाल्या. ‘‘संदीपराव, लई पुढं गेले तुमी.’’

झालं. रंभाजीच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे वर्षभर थांबलं नाही. वायर नसलेला फोन त्याने मिरजगावात दीड वर्ष आधी आणला होता की! फोनसाठी नाव घातल्यावर सहा वर्षांनी त्याच्या घरी लाईन आली, आणि महिन्याच्या आत त्याने तिला कॉर्डलेस जोडला. बेस घरात, चाळीस फुटी लोखंडी पाईपवर अँटेना, आणि विटेएवढा हँडसेट तीन किलोमीटरवरच्या मळ्यातसुद्धा खणखणीत बोलायचा. त्याला कसला परवाना लागतो म्हणे, पण तो विचारायला मिरजगावात कुणी आलं नाही. कांद्याच्या व्यापाऱ्यांनी रांग लावून त्याच्याकडून असे सेट बसवून घेतले. आणि सासूने आजवर त्याला ‘पुढं गेले’ म्हटलं नव्हतं.

तरी त्याने मन मोठं केलं आणि हात पुढे केला. ‘‘बघू संदीपराव. मागचं झाकन काढून बघतो जरा.’’

‘‘राहू द्या दाजी,’’ संदीप हसत म्हणाला आणि मोबाईल पिशवीत घातला. ‘‘नाजूक वस्तू आहे.’’

कर्जत तालुक्यातल्या निम्म्या रेडिओंचं पोट ज्याने उघडलं, त्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागलं, तेही सासू, बायको आणि मेव्हणीच्या देखत. संदीपच्या मनात काही नव्हतं असं शुभांगी येताना एसटीत दोनदा म्हणाली. त्यामुळे रंभाजीला आणखीच राग आला.

त्या दिवसापासून मोबाईल कंपन्यांच्या भानगडी गोळा करणं हे त्याचं दुसरं काम झालं. नगरहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो खोदून खोदून विचारायचा आणि मग तेच पुढच्याला तिखटमीठ लावून सांगायचा. ‘‘आपल्याला कुनी फोन केला तरी पैसे आपल्यालाच. असं कुठं असतं का? म्हंजी पाव्हना आपल्या दारात आला अन् एसटीचं तिकीट आपन काढायचं.’’ नगर सोडून घाटात शिरलं की रेंज गेली. एका डॉक्टरला न केलेल्या फोनांचं बिल आलं आणि तक्रारीसाठी पुण्याच्या ऑफिसला फोन केला तर त्याचंही बिल आलं. हे सगळं खरंच होतं. लोक वैतागलेलेच होते. पण रंभाजी सांगायचा तेव्हा त्याचे डोळे चमकायचे, आणि शेवटी त्याचा हात आपसूक टेबलावरच्या हँडसेटवर जायचा.

संदीप मात्र कधी तक्रार करत नसे. प्रत्येक कार्याला तो येई, मोबाईल कमरेला असे, आणि भामाबाई पाव्हण्यांना सांगत, ‘‘हे आमचे नगरचे जावई.’’ मिरजगावच्या जावयाची ओळख करून द्यायला त्यांना नेहमी थोडा वेळ लागे.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दुपारी दुकानात हँडसेट दोनदा वाजला आणि थांबला, म्हणजे घरी शुभांगीने फोन उचलला. दुकानाचं गिऱ्हाईक असेल म्हणून रंभाजीने सवयीने बटण दाबलं. घरचा फोन आणि कॉर्डलेस एकाच लाईनवर, त्यामुळे बोलणं सरळ कानात येई. याआधी त्याने कधी ऐकलं नव्हतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

फोनवर दीपा होती, आणि ती रडत होती.

‘‘ताई, कुणाला सांगू नकोस. त्यांचा मोबाईल चार महिने झाले, बंद आहे. कंपनीनं काय बिल लावलं आणि काय नाही. हे भांडून भांडून थकले, मग कंपनीनं लाईनच कापली. आता नुसताच कमरेला लावून जातात. मोबाईल नाही दिसला तर गिऱ्हाईक उभं करत नाही म्हणतात. आत्ता बूथवरनं बोलतेय. दाजींना तर अजिबात कळू देऊ नकोस…’’

रंभाजीला हसू फुटलं. ते लाईनवर जाईल या भीतीने त्याने झटकन बटण बंद केलं आणि मग एकटाच, समोर उघडलेल्या टीव्हीकडे बघत, पोट धरून हसला. एका वर्षाची पोटदुखी एका मिनिटात गेली. त्या संध्याकाळी त्याने घरी जाताना पाव किलो जिलेबी नेली. शुभांगीने कारण विचारलं तर म्हणाला, ‘‘सहज.’’

पुढच्याच महिन्यात भामाबाईंच्या नव्या घराची घरभरणी होती. दोन खोल्या, पण वर स्लॅब. जामखेडला बस बदलून रंभाजी आणि शुभांगी खर्ड्याला पोचले तेव्हा दारात मांडव होता, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोंना हार घातलेले होते, भावकी सतरंजीवर बसली होती. संदीप पांढऱ्या शर्टात पाव्हण्यांना पाणी देत होता. कमरेला काळी पिशवी. रंभाजीने तिच्याकडे बघून असा काही नमस्कार केला की संदीप क्षणभर गोंधळला.

वंदना घ्यायला जामखेडहून बौद्धाचार्य यायचे होते. दहा वाजता येणार होते, साडेअकरा झाले. स्वयंपाक झाला होता, पोरं भुकेने किरकिर करायला लागली होती. भामाबाई आत-बाहेर करत होत्या. वर्षानुवर्षं पत्र्याखाली काढलेल्या बाईचा आजचा दिवस होता, आणि तो असा ताटकळत चालला होता.

‘‘संदीपराव,’’ भावकीतले आबासाहेब म्हणाले, ‘‘मोबाईल कशाला हाय मग? लावा की त्यांच्या घरी.’’

‘‘इथं रेंज नाही मामा,’’ संदीप म्हणाला.

‘‘किल्ल्याच्या बुरजावर येती म्हनं. चढून बघा की.’’

सगळ्यांनीच धरलं. भामाबाईही म्हणाल्या, ‘‘जाता का हो तेवढं?’’ संदीपने एकदा दीपाकडे पाहिलं. दीपा भाकरीच्या टोपल्यावर फडकं झाकत होती, ती झाकतच राहिली. मग तो गेला. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, ‘‘लागला फोन. निघालेत घरून. येतीलच.’’

‘‘बघा,’’ भामाबाई सगळ्यांना म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ‘‘हे नसते तर आज आपन काय केलं असतं?’’

रंभाजी गप्प बसला असता तर काही बिघडत नव्हतं. बौद्धाचार्य उशिरा का होईना येणारच होते. दोन तास सासूला बरं वाटलं असतं, साडूची झाकली मूठ राहिली असती. पण ‘हे नसते तर’ हे शब्द त्याच्या कानात शिरले आणि जीभ ताब्यात राहिली नाही.

‘‘कुनाशी बोलले संदीपराव?’’ त्याने विचारलं. ‘‘नाही म्हंजी, त्यो मोबाईल तर जूनपासून बंद हाय ना? कंपनीनं कापलाय. डबा हाय नुसता.’’

संदीपचा हात कमरेच्या पिशवीवर गेला आणि तिथेच राहिला. आबासाहेबांना उगाच खोकला आला. रंभाजी सासूकडे बघत होता, आता त्या काय म्हणतात म्हणून. पण त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि संदीपच्या हातात दिला.

‘‘उनाचं चढून आले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पानी प्या आधी.’’

रंभाजीने मग बायकोकडे पाहिलं. शुभांगीही त्याच्याकडे बघत नव्हती. ती दीपाकडे बघत होती, आणि दीपा तिच्याकडे. दीपाच्या डोळ्यांत फक्त एवढंच होतं : तुला एकटीला सांगितलं होतं. शुभांगीने तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणणार तरी काय? मी सांगितलं म्हणावं तर बहीण तुटते, यांनी चोरून ऐकलं म्हणावं तर भर मांडवात नवऱ्याची अब्रू जाते. ती भाकरीचं टोपलं उचलून आत गेली.

बौद्धाचार्य एक वाजता आले. त्यांच्या मोटरसायकलचं चाक पंक्चर झालं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली. वाढताना दीपाने रंभाजीला दोनदा भात वाढला, न विचारता, न बोलता.

परतीच्या एसटीत जामखेडपर्यंत शुभांगी खिडकीबाहेर बघत होती. मिरजगावची बस लागल्यावर, जागेवर बसल्यावर, ती एकदम म्हणाली, ‘‘पुढचं ऐकलं न्हाई वाटतं तुमी.’’

‘‘कशाचं पुढचं?’’

‘‘त्या दिवशी लाईनवर खट् वाजलं. मला वाटलं लाईनच खराब हाय.’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘रडून झाल्यावर दीपा म्हनली, दाजींच्या हातात इद्या हाय. ह्यांना दलालीचा कंटाळा आलाय. कॉर्डलेस बसवायला शिकायचंय दाजींच्या हाताखाली, पन विचारायची लाज वाटती. तू विचारशील का? मी म्हनलं, घरभरनी होऊ दे. मग विचारते.’’

ज्याला बघून आपला जीव वर्षभर जळला, तो माणूस आपल्याकडे हात जोडून यायला निघाला होता. हे ऐकायला दोन मिनिटं लाईनवर थांबायला हवं होतं, आणि तेवढ्यात आपल्याला हसू आलं. एवढं कळूनही रंभाजीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे सासूला माहीत आहे का?

दीपाचा फोन त्यानंतर आला नाही. दर आठवड्याला बोलणाऱ्या बहिणी, पण नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा झाला. शुभांगीने दोनदा नगरच्या बूथवर तिच्यासाठी निरोप ठेवला. घरात ती रंभाजीशी सगळं बोलायची, मीठ संपलंय, पोराची फी भरायचीय. त्यापलीकडे नाही. तो तिची समजूत घालायला निघायचा आणि बोलताबोलता संदीपच्या चुका सांगू लागायचा. मग ती उठून जायची.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी हँडसेट दोनदा वाजला आणि थांबला.

रंभाजीने हातातली झाळकामाची सळई खाली ठेवली. ऐकायचं नाही, असं त्याने ठरवलेलं होतं. पण दीपाचा असेल का? असेल तर आपलं नाव निघेल का? एवढंच बघायचं आणि बंद करायचं, असं स्वतःला सांगत त्याने श्वास रोखून बटण दाबलं.

‘‘बोल दीपा,’’ शुभांगी म्हणत होती. मग लाईनवर खट् झालं. ती थांबली. ‘‘पर बेतानं बोल. हे ऐकत्यात.’’

रंभाजीच्या कानाची पाळी तापली. बंद करावं तर पुन्हा खट् वाजणार. तो तसाच उभा राहिला.

‘‘ऐकू देत,’’ दीपा म्हणाली. आवाज थंड होता. ‘‘आता लपवण्यासारखं काही नाही. यांना काम लागलं. नगरमध्येच. कॉर्डलेस बसवतात. मालक म्हणतो, हात चांगला आहे.’’

हात चांगला आहे! रंभाजीच्या पोटात तीच जुनी कळ आली. आपण इथे वीस वर्षं झिजलो, आणि हा दोन महिन्यांत? कुणी शिकवलं याला? कुणाच्या दुकानात? त्याने तोंडावर हात ठेवायला हवा होता, पण तो हात हँडसेटवर होता.

‘‘कोनाच्या दुकानात?’’ त्याने विचारलं.

नगरच्या बूथबाहेरचा रिक्षाचा आवाज ऐकू येत होता, आणि इकडे घरातला कुकर.

‘‘जय भीम, दाजी,’’ दीपा म्हणाली आणि फोन ठेवला.

शुभांगीने लगेच ठेवला नाही. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला. ‘‘शुभांगी,’’ तो म्हणाला. मग तिनेही ठेवला.

त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं. घरी आला तेव्हा ती पीठ मळत होती. फोन कोनाड्यात जागेवर होता, त्यावर विणलेला रुमाल घातलेला. शेजारचा कॉर्डलेसचा बेस मात्र तिथे नव्हता. तो पलीकडे ट्रंकेवर ठेवला होता, वायर काढून नीट गुंडाळून, वर रबर लावून. बाहेर चाळीस फुटी पाईप कशालाच न जोडलेला उभा होता.

रंभाजीने बेसकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती मळत राहिली.

‘‘हात धुवा,’’ ती म्हणाली. ‘‘भाकरी टाकते.’’